हलगी, कॅसेट आणि डीजे मिक्स : बीड जिल्ह्यातील मिरवणुकीच्या संगीताचा इतिहास

लग्नाचा परण्या, म्हणजे नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेण्याची मिरवणूक, महापुरुषांच्या जयंत्या आणि गणपतीचे विसर्जन या प्रसंगी बीड जिल्ह्यात आज जे संगीत वाजते, ते बहुतेक वेळा एखाद्या कंपनीने प्रसिद्ध केलेले मूळ गाणे नसून त्या गाण्याचा ‘डीजे मिक्स’ असतो. मूळ गायकाचा आवाज कायम ठेवायचा, त्याखालचा ठेका काढून दुसरा बसवायचा, आरंभी आणि कडव्यांच्या मध्ये केवळ तालवाद्यांचे तुकडे जोडायचे आणि तीन-चार मिनिटांचे गाणे नाचणाऱ्यांना पुरेल इतके लांबवायचे, अशी ही रचना असते. ती करणारे तरुण तालुक्याच्या गावी किंवा त्याहून लहान खेड्यात एका संगणकावर काम करतात, आणि त्यांचे काम दुकानातून विकले जाण्यापेक्षा मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह आणि मोबाइल यांच्या द्वारे एका हातातून दुसऱ्या हातात जाते. या संगीताची सार्वजनिक चर्चा आजवर बहुतांशी आवाजाच्या पातळीपुरती आणि पोलीस बंदोबस्तापुरती झाली आहे. ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु तिच्यामुळे ही परंपरेतून घडत आलेली कला आहे आणि तिचे काही पूर्वज न्यूयॉर्क-शिकागोत, तर काही हलगी, संबळ आणि आंबेडकरी जलशात सापडतात, ही गोष्ट झाकली गेली आहे.

यांपैकी परदेशी पूर्वजांची कुळकथा तुलनेने चांगली नोंदली गेली आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी आणि समलिंगी समाजांतील तरुण ज्या नृत्यगृहांत जमत, तेथे डिस्को हा प्रकार आकाराला आला. प्रत्येक मात्रेवर सारख्या वजनाने पडणारा मोठ्या ढोलाचा ठोका हे त्याचे मुख्य लक्षण, आणि त्या सारखेपणामुळे एक गाणे संपण्यापूर्वीच दुसरे त्याच लयीत मिसळून नाच अखंड चालू ठेवता येऊ लागला. सात इंची तबकडीवर तीन-चार मिनिटांपेक्षा अधिक संगीत चांगल्या आवाजात मावत नसे. टॉम मोल्टन याने ध्वनिफीत कापून व जोडून गाण्यातील गायनरहित, केवळ तालाचा भाग लांबवला, आणि अशा लांब पाठांसाठी बारा इंची तबकडी वापरात आली. १९७६ साली सॅलसोल कंपनीने काढलेली ‘टेन परसेंट’ ही तबकडी, जिचे मिश्रण वॉल्टर गिबन्स याने केले होते, ती सर्वसामान्य ग्राहकाला विकली गेलेली पहिली बारा इंची तबकडी मानली जाते. पात्याने कापून चिकटपट्टीने जोडलेल्या अशा पाठाला ‘एडिट’ म्हणतात. शिकागोतील वेअरहाउस या नृत्यगृहात १९७७ पासून वाजवणाऱ्या फ्रँकी नकल्स याने जुन्या गाण्यांचे असेच एडिट करून पुढे त्यांखाली ताल-यंत्राचा ठेका घातला, आणि त्या जागेच्या नावावरूनच ‘हाउस’ हे नाव रूढ झाले असे सांगितले जाते.

न्यूयॉर्कमधील या संगीताची देवाणघेवाणही लक्षात घेण्यासारखी आहे. १९७५ साली डेव्हिड मॅन्क्युसो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘रेकॉर्ड पूल’ नावाची व्यवस्था उभी केली, जिच्यात कंपन्या नव्या तबकड्या सर्व सदस्य डीजेंना विनामूल्य देत आणि डीजे त्याबदल्यात नाचणाऱ्यांचा प्रतिसाद कंपन्यांना कळवत. गाणे लोकप्रिय करणारा मनुष्य हा केवळ ग्राहक नसून निर्मितीतला भागीदार आहे, हे त्या व्यवस्थेने मान्य केले होते. पण ज्या समाजांनी हे संगीत घडवले त्यांच्याविषयीचा तिटकाराही त्याच काळात उघड झाला; १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्या गोळा करून स्फोटाने उडवण्यात आल्या, आणि प्रेक्षक मैदानात घुसल्याने त्या दिवशीचा दुसरा सामना रद्द करावा लागला. नृत्यसंगीताचा द्वेष आणि ते नाचणाऱ्यांचा द्वेष किती सहज एकमेकांत मिसळतात, हे पुढे बीडच्या संदर्भातही ध्यानात ठेवावे लागते.

भारतात डिस्को आला तो चित्रपटाच्या वाटेने. १९८० च्या ‘कुर्बानी’ या चित्रपटासाठी बिद्दू याने संगीत दिलेले आणि नाझिया हसन हिने गायलेले गीत, १९८१ चा ‘डिस्को दीवाने’ हा संच आणि १९८२ चा, बप्पी लाहिरी यांचे संगीत असलेला ‘डिस्को डान्सर’ या तीन टप्प्यांत तो गावोगावच्या टुरिंग टॉकीजपर्यंत, म्हणजे तंबूतल्या फिरत्या चित्रपटगृहापर्यंत पोचला. याच १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या स्टुडिओत काम करणाऱ्या वादकाने जपानी रोलँड कंपनीची ताल आणि सुरांची यंत्रे वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तो संच त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आला नाही, आणि २०१० मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर हाउस संगीताच्या आजच्या श्रोत्यांना त्यात त्यांच्या संगीताशी विस्मयकारक साम्य आढळले. यंत्राच्या ठेक्यावर देशी सामग्री बसवण्याची कल्पना महाराष्ट्राच्या राजधानीत इतक्या लवकर सुचलेली होती. मात्र बीडच्या तरुणाला हे उदाहरण ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्याला त्याची गरजही पडली नाही. कारण एका गाण्याचा ठेका घेऊन त्यावर दुसरे गाणे उभे करण्याची रीत त्याच्या घरीच होती.

ती रीत समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. परळी येथे रेल्वे असली तरी बीड शहरापर्यंत प्रवासी गाडी पोचायला सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला, त्यामुळे येथील संगीताची ने-आण दीर्घकाळ पायवाटेवर, जत्रेत आणि नंतर एसटीच्या टपावर झाली. अंबाजोगाईची योगेश्वरी, परळीचा वैजनाथ, कपिलधारची मन्मथस्वामींची यात्रा, बीडमधील शहेनशाहवली दर्ग्याचा उरूस या ठिकाणी गोंधळी, आराधी, वासुदेव, कव्वाल आणि वाजंत्री एकत्र येत, एकमेकांचे ऐकत आणि आपापल्या गावी ते घेऊन जात. गोंधळात वाजणारा संबळ, म्हणजे काठ्यांनी वाजवायची दोन जोडलेल्या ढोलांची जोडी, आणि हलगी, म्हणजे लाकडी अथवा धातूच्या कड्यावर कातडे ताणलेले, विस्तवावर शेकून चढवायचे आणि एका हातातील आखूड टिपरू व दुसऱ्या हातातील बारीक काडी यांनी वाजवायचे वाद्य, ही या भागातील मिरवणुकीची प्रमुख तालवाद्ये होत.

हलगीच्या इतिहासात एक वेदना आहे आणि ती वगळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गावगाड्यात हे वाद्य वाजवणे ही प्रामुख्याने मातंग समाजावर, आणि काही ठिकाणी महार समाजावरही, लादलेली सेवा होती. ज्यांच्या वाजवण्याशिवाय देवाची पालखी हलत नसे त्यांनाच देवळाच्या पायरीवर थांबावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची हीन मानलेली कामे सोडण्याचे आवाहन केले तेव्हा अनेकांनी मेलेली जनावरे ओढण्याबरोबर वाजवणेही सोडले, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तो निर्णय अधिक पक्का झाला. मातंग समाजात मात्र वादन हेच पोटाचे साधन राहिले; हलगी, सनई आणि पुढे ब्रिटिश लष्करी बँडच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या ‘बँड पार्ट्या’ यांतून अनेक कुटुंबे जगली. लग्नाची ‘सुपारी’ घेणे, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन वाजवण्याचा करार पक्का करणे, चित्रपटातील नवे गाणे महिनाभरात क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर बसवणे, आणि ते अशा रीतीने लांबवणे की वरात दारात पोचेपर्यंत नाच थांबू नये, ही सारी कौशल्ये या वादकांनी डीजेच्या आगमनापूर्वी कित्येक वर्षे साध्य केली होती. बँडवाल्याने चित्रपटगीताच्या मधोमध हलगीचा स्वतंत्र तुकडा सोडणे आणि नाचणाऱ्यांना तिथे मोकळे रान देणे ही रचना पाहिली, तर मोल्टनने फीत कापून जे साधले तेच येथे दमसासावर आणि मनगटावर साधले जात होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरा पूर्वज म्हणजे ‘चाल’. सत्यशोधक जलशापासून आंबेडकरी जलशापर्यंत आणि भीमराव कर्डकांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत शाहिरांनी लोकांच्या ओठी असलेल्या चालींवर नवे शब्द बसवून विचार पोचवला. ऐकणाऱ्याला चाल आधीच पाठ असल्याने शब्द लवकर मनात बसत, आणि वादकांना वेगळी तालीम लागत नसे. वामनदादांची गीते मराठवाड्यातील वस्त्यांत वह्यांतून उतरवून घेतली जात, एका गायन पार्टीकडून दुसरीकडे जात, आणि जाताना त्यांचा ठेका, क्वचित एखादे कडवेही, बदलत असे. त्यांत चोरीचा भाव नव्हता. गीत जितके फिरेल तितके ते यशस्वी, अशी त्यामागची धारणा होती. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी, कव्वाली आणि भीमगीते एकाच कंठातून गायली, आणि वामनदादा व प्रल्हाद शिंदे हे दोघेही २००४ साली निवर्तले तेव्हा त्यांचा आवाज आणि शब्द मराठवाड्याच्या प्रत्येक जयंतीत दाखल झालेले होते. आज त्यांच्याच गायनाच्या तुकड्यांवर तरुण मिक्स करतात, ही त्या चालीच्या परंपरेची सरळ पुढची पायरी आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतात खऱ्या अर्थाने पसरली ती १९८० च्या दशकात, आणि तिने या देवाणघेवाणीचे स्वरूप मुळापासून बदलले. तबकडी केवळ कारखान्यात तयार होत असे. कॅसेट मात्र कोणालाही घरी भरता येत असे. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेटच्या प्रसाराचे जे विवेचन केले आहे, त्याचा गाभा हाच आहे की ध्वनिमुद्रणाचे साधन स्वस्त झाल्याने एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक, जातीय व स्थानिक संगीताला बाजार मिळाला. कायद्यानेही त्यास हातभार लावला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद होती की, मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षे उलटल्यावर सूचना देऊन व ठरलेले मानधन भरून तेच गाणे दुसऱ्या गायकाकडून पुन्हा मुद्रित करता येई; टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्यांचा आरंभीचा विस्तार मोठ्या प्रमाणात अशा पुनर्मुद्रित गाण्यांवर झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांची करेपर्यंत हे दार बऱ्यापैकी उघडे राहिले.

मराठीत या काळाचा सर्वांत ठळक आवाज प्रल्हाद शिंदे यांच्या मुलांचा, आनंद आणि मिलिंद शिंदे यांचा होय. ‘नवीन पोपट हा’ या गीताने १९८० च्या दशकात जी लाट आणली, तिच्यामुळे लग्नाच्या मांडवात मराठी कॅसेटला हिंदी चित्रपटगीतांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. त्याच शिंदे बंधूंच्या भीमगीतांच्या कॅसेट एप्रिल महिन्यात वस्तीवस्तीत लागत. यामागचा काळ विसरता येणार नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या मधल्या सोळा वर्षांत गावाच्या कडेच्या वस्तीतून कर्ण्यावर, म्हणजे धातूच्या तुतारीसारख्या ध्वनिक्षेपकावर, भीमगीत लावणे ही करमणूक तर होतीच, पण आपण येथे आहोत आणि भीत नाही हे गावाला ऐकवणेही होते. आवाज मोठा का हवा, या प्रश्नाचे एक उत्तर या इतिहासात आहे.

कॅसेट भरून देणारे दुकान ही त्या काळची एक स्वतंत्र संस्था होती. ग्राहक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून देई, दुकानदार साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या फितीवर दोन डेक जोडून ती गाणी उतरवून देई, आणि गाण्यांचा क्रम चांगला लागला तर ती यादी दुसराही मागून नेई. गाणी निवडणे आणि त्यांचा क्रम लावणे, हेच डीजेच्या कलेचे मूळ असल्याने, या दुकानदारांना बीडच्या डीजे परंपरेतील पहिली पिढी मानले पाहिजे. त्यांच्या जोडीला मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देणारे होते. एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, एक टेप आणि एक मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर ते गावोगाव फिरत. पुढे ‘नॉनस्टॉप’ कॅसेट आल्या, ज्यांत एकाच ठेक्यावर दहा-पंधरा गाण्यांचे तुकडे न थांबता एकामागून एक गायलेले असत, आणि ऑक्टापॅड नावाचे, काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य बँड पार्ट्यांत आले. डिस्कोचा अखंड ठेका मराठी लोकगीतात शिरला तो या दोन वाटांनी, आणि त्या वेळी त्याला कोणी डिस्को म्हटले नाही.

या जिल्ह्याच्या संगीताच्या प्रवासाला ऊसतोडीने एक वेगळी वाट दिली. दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे ‘उचल’, आणि ती फेडेपर्यंत पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत संसार करावा लागतो. या कष्टाचे कोणतेही गोड वर्णन करण्याचे कारण नाही. परंतु सांगली, कोल्हापूर, सातारा या भागांत, जेथे मिरवणुकीच्या ध्वनियंत्रणेला ‘डॉल्बी’ म्हणण्याची पद्धत पडली, तेथे दर हंगामात राहून आलेल्या तरुणांनी तिकडची गाणी आणि तिकडच्या यंत्रणेची आवड सोबत आणली असणार हे उघड आहे. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर बसवलेले मोठे स्पीकर तर या प्रवासाचे चालते-बोलते साधन होते. कामगार परतल्यानंतरच जिल्ह्यातील लग्नसराईला खरा जोर येतो, त्यामुळे एप्रिल आणि मे हे महिने डीजेच्या धंद्याचे मुख्य महिने ठरले.

सन २००० नंतरच्या दशकात तीन गोष्टी जवळजवळ एकत्र घडल्या. एका चकतीवर शंभराहून अधिक गाणी मावणारी एमपीथ्री सीडी आली. संगणकावर गाणे कापण्या-जोडण्याची आणि त्याखाली ठेका रचण्याची एफएल स्टुडिओ, व्हर्च्युअल डीजे यांसारखी सॉफ्टवेअर हाताशी आली. आणि मेमरी कार्ड असलेले स्वस्त मोबाइल खेड्यात पोचले. हिंदीत याच सुमारास जुन्या गाण्यांच्या रिमिक्सची लाट होती, २००२ चे ‘काँटा लगा’ हे तिचे सर्वांना आठवणारे उदाहरण. तालुक्याच्या बाजारात मोबाइल रिचार्जच्या दुकानांनी कॅसेट भरणाऱ्यांची जागा घेतली. तेथे थोड्या पैशांत कार्ड भरून मिळे, आणि दुकानदाराच्या संगणकातील ‘डीजे मराठी’, ‘भीमगीत डीजे’, ‘आराधी डीजे’ अशा फोल्डरांची रचना हीच त्या भागातील संगीताची प्रत्यक्षातील वर्गवारी होती. ज्याच्याकडे पैसे नसत तो मित्राच्या मोबाइलवरून ब्लूटूथने गाणे घेई. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन डेटा अतिशय स्वस्त झाल्यावर ही देवाणघेवाण यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवर गेली, आणि कार्ड भरणारी दुकाने कॅसेटच्या दुकानांप्रमाणेच ओसरली.

‘डीजे’ म्हणजे मराठवाड्यात वाजवणारा मनुष्य तर होतोच, पण अधिक वेळा ती संपूर्ण यंत्रणा होते: पिकअप किंवा आयशर गाडी, तिच्यावर रचलेले ‘बेस’ आणि ‘टॉप’, म्हणजे खर्जाचे आणि उंच स्वरांचे स्पीकर, ॲम्प्लिफायर, जनरेटर आणि दिवे. गाडीचा मालक, ती चालवणारा ऑपरेटर आणि मिक्स तयार करणारा हे अनेकदा तीन वेगळे लोक असतात, आणि मिक्स करणाऱ्याला त्याच्या कामाचे थेट पैसे क्वचितच मिळतात. म्हणूनच त्याने आपली खूण गाण्यातच ठेवण्याची पद्धत पाडली: मिक्सच्या आरंभी आणि मध्ये एका घोगऱ्या, मुद्दाम जाड केलेल्या आवाजात त्याचे नाव, पुष्कळदा त्याच्या गावाचे नावही, उच्चारले जाते. जमैकातील ध्वनियंत्रणा चालवणाऱ्यांनी स्वतःच्या नावाचा उल्लेख असलेल्या खास तबकड्या कापून घेण्याची जी प्रथा पाडली होती, तिच्याशी हे जवळचे आहे, जरी दोहोंत प्रत्यक्ष संबंध दाखवता येत नाही. काही मिक्स खुले वाटले जातात. काही एखाद्याच गाडीसाठी राखून ठेवलेले असतात आणि दोन यंत्रणा समोरासमोर आल्या की बाहेर काढले जातात. ‘साउंड चेक’ या नावाचे तुकडे, ज्यांत गाणे नसून केवळ संवाद, शिट्या, खर्जाचे धक्के आणि यंत्राची ताकद दाखवणारे नाद असतात, ते याच चुरशीतून जन्मले.

मिक्सच्या नावांना जोडली जाणारी विशेषणे, ‘हलगी मिक्स’, ‘संबळ मिक्स’, ‘नाशिक ढोल मिक्स’, ही या कलेची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतात. हाउसच्या चार सारख्या ठोक्यांवर हलगीची काडी ज्या आडव्या मात्रा टाकते, त्यांनी यंत्राच्या सपाट चालीला लचक येते, आणि मराठवाड्यातील नाचणारा पाय त्या लचकेवरच उचलला जातो. ज्या वाद्याला शिवणे हीन मानले गेले, त्याच वाद्याचा मुद्रित तुकडा आज प्रत्येक जातीच्या लग्नात आणि प्रत्येक महापुरुषाच्या मिरवणुकीत हक्काने मागितला जातो. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची भीमजयंती, ३१ मेची अहिल्यादेवी होळकर जयंती, १ ऑगस्टची अण्णा भाऊ साठे जयंती या सर्वांसाठी वेगवेगळी गाणी असतात, पण त्यांखालचा ठेका, हलगीचा तुकडा आणि पुष्कळदा मिक्स करणारा तरुणही एकच असतो. गाण्याचे शब्द समाजांच्या सीमा आखतात आणि ताल त्या ओलांडतो. जिल्ह्यातील सामाजिक ताणाच्या अलीकडच्या वर्षांत ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही.

मात्र या बदलात ज्यांनी तो ताल शतकानुशतके सांभाळला त्यांच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. मिक्समधील हलगी कोणाच्या हातची आहे हे कोणी सांगत नाही, तुकडा एकदा मुद्रित झाला की तो हजार मिक्समध्ये फिरतो, आणि वादकाची सुपारी मात्र जाते. वीस-पंचवीस माणसांच्या बँड पार्टीची जागा एका गाडीने घेतल्यावर कित्येक उत्तम क्लॅरिनेटवादक मजुरीकडे वळले, हे या भागाच्या संगीताचे झालेले मोठे नुकसान आहे, आणि त्याची नोंद करणारा ग्रंथ सहजी न सापडणे ही मराठी संगीताभ्यासाची उणीव आहे.

चित्रपटसृष्टीने या रस्त्यावरच्या आवाजाकडे लक्ष दिले ते उशिरा, पण भरभरून. अजय-अतुल यांच्या २००६ च्या ‘जत्रा’तील ‘कोंबडी पळाली’मध्ये आणि २०१६ च्या ‘सैराट’मधील ‘झिंगाट’मध्ये मिरवणुकीचा ठेका स्टुडिओत नेऊन पुन्हा मिरवणुकीला परत दिला गेला, त्याच वर्षीच्या ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’मध्ये तर ध्वनियंत्रणा वाजवणाऱ्यालाच संबोधणारे गीत होते. त्याआधी २०१५ मध्ये संजय लोंढे यांचे ‘शांताबाई’ हे गाणे कोणत्याही चित्रपटाच्या आधाराविना, मोबाइलवरून मोबाइलवर जात महाराष्ट्रभर पसरले होते. मिक्स करणाऱ्यांनी या सर्व गाण्यांचे असंख्य पाठ तयार केले, आणि मूळ गाणे ज्यांनी कधी ऐकलेच नाही अशा मुलांना ते मिक्समधूनच ठाऊक झाले.

आवाजाच्या प्रश्नाचा इतिहासही थोडक्यात पाहिला पाहिजे. केंद्र शासनाच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई केली. वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये गणेशोत्सवात डीजे व डॉल्बीला परवानगी मिळावी ही व्यावसायिकांच्या संघटनेची मागणी उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. वृद्ध, आजारी माणसे आणि तान्ही मुले यांना स्पीकरच्या या भिंतींच्या आवाजाने जो त्रास होतो तो खरा आहे, आणि कलेचा इतिहास सांगून तो कमी होत नाही. आवाज उतरवला तरी मिक्स मिक्सच राहतो. त्यातील कौशल्य खर्जाच्या धक्क्यात नसून गाणे कोठे कापले आणि कोठे सोडले यात आहे.

परंतु कोणाचा आवाज त्रासदायक ठरतो हा प्रश्न नेहमीच डेसिबलने सुटत नाही. मे २०१५ मध्ये बीडच्या शेजारच्या जिल्ह्यात, शिर्डी येथे, मोबाइलच्या रिंगटोनवर डॉ. आंबेडकरांचे गाणे वाजल्याच्या वादातून एका दलित तरुणाचा खून झाला. रिंगटोनचा आवाज कोणत्याही नियमाच्या मर्यादेत बसणारा होता. एक गाणे जवळ बाळगणे, ते वाजू देणे आणि दुसऱ्याला देणे या साध्या कृतींना या प्रदेशात केवढी किंमत मोजावी लागू शकते, हे त्या घटनेने दाखवले.

मिक्सच्या मालकीविषयी कायद्याची स्थिती गुंतागुंतीची आहे. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा परवानगीविना वापरून नवा पाठ प्रसिद्ध करणे कायद्याला मान्य नाही, आणि यूट्यूबवर चढवलेले असे अनेक मिक्स कंपन्यांच्या तक्रारीवरून उतरतात. वाजवण्याच्या बाबतीत मात्र कॉपीराइट कायद्याच्या त्याच कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित सामाजिक समारंभ यांचा स्पष्ट समावेश केलेला आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाच्या संबंधित विभागाने सूचना काढून याच तरतुदीची आठवण करून दिली, कारण लग्नांत वाजणाऱ्या गाण्यांसाठी शुल्क मागितले जात असल्याच्या तक्रारी होत्या. म्हणजे परण्यात वाजवण्यासाठी परवाना लागत नाही, पण त्या परण्यासाठी रचलेला मिक्स जतन करून जगापुढे ठेवण्याला कायद्याची हमी नाही.

या विसंगतीचा परिणाम म्हणजे सामग्रीचा नाश. शिकागो शहराने जून २०२३ मध्ये वेअरहाउसच्या इमारतीला अधिकृत वारसास्थळाचा दर्जा दिला, आणि नकल्सच्या काळातील फितींचा शोध घेणारे संग्राहक आजही आहेत. बीडमधील कॅसेटच्या दुकानांच्या याद्या रद्दीत गेल्या, पहिल्या दशकातील मेमरी कार्डे निकामी झाली, आणि ज्या संकेतस्थळांवरून मिक्स उतरवले जात त्यांपैकी पुष्कळ बंद पडली. तरीही अभ्यासकाला हाताशी धरता येईल असा एक पुरावा शिल्लक आहे. तो कोणता, हे जुन्या पोथ्यांच्या उदाहरणाने समजेल. अंबाजोगाई ही मुकुंदराज आणि दासोपंत या जुन्या मराठी कवींची भूमी. तेथील जुन्या पोथ्यांचा काळ ठरवताना संशोधक पोथीच्या शेवटी नकलकाराने लिहिलेले नाव, गाव आणि शक पाहतात. मिक्समध्ये उच्चारलेले नाव आणि गाव, फाइलच्या नावातील वर्ष, क्वचित दिलेला मोबाइल क्रमांक आणि त्याखाली वापरलेला हलगीचा तुकडा यांवरून याच पद्धतीने कोणता मिक्स कोठे, साधारण कधी आणि कोणाच्या मिक्सवरून तयार झाला हे ठरवता येते. हे मिक्स करणारे आज बहुधा तिशी-चाळिशीत आहेत, त्यांच्या जुन्या संगणकांतील हार्ड डिस्क अजून काही घरांत पडून असतील, आणि त्यांना हलगी शिकवणारे किंवा त्यांच्यासाठी हलगी मुद्रित करणारे वादकही हयात असण्याची शक्यता आहे. नोंदीचे काम प्रथम या वादकांपासून सुरू व्हावे, कारण त्यांचे वय अधिक आहे आणि मिक्समध्ये त्यांचे नाव कोठेही उच्चारलेले नाही.